विषय: मागच्या ब्रेकचा पाइप उद्यमबागेत करून घेऊ का? तातडीचं

खानापूरहून (सुट्टीवर आलेला मस्कतवाला)

मंडळी, नमस्कार.

बाबांच्या मारुती ८०० चं ब्रेकचं पॅडल काल जांबोटी रस्त्यावर तळाला गेलं. दुसऱ्यांदा पाय मारला तेव्हा कुठं धरलं. घरी येऊन बघतो तर मागच्या डाव्या टायरची आतली बाजू ओली. खाली शिरलो. पाइप ज्या प्लास्टिकच्या क्लिपमध्ये धरलाय बरोबर तिथंच गंजलाय. नख लावलं तर खपली निघाली आणि थेंब माझ्या मनगटावर. क्लिपपासून चार बोटं पुढं तोच पाइप चांगला आहे.

इथल्या दुकानात पाइप नाही, मागवला तर आठ दिवस. मंगळवारी आईला बेळगावला दवाखान्यात न्यायचंय आणि शुक्रवारी माझं विमान. उद्यमबागेत हायड्रॉलिकचा एक कारखाना ओळखीचा आहे, ते म्हणतात संध्याकाळपर्यंत करून देतो. करून घेऊ का, एवढंच सांगा. बसवणार मीच.

शहापूरहून, काका

नको. तिथं पाइप चांगला मिळेल, पण तोंड चुकीचं मिळेल. हायड्रॉलिकचं फ्लेअर, म्हणजे पाइपचं पसरवलेलं तोंड, ३७ अंशांचं, एकेरी. तुझ्या गाडीला ४५ अंशांचं लागतं, आणि तेही दुहेरी, म्हणजे कड आत दुमडून मग पसरवलेली. नट आवळला की बसल्यासारखं वाटतं, पण टेकतं फक्त एका कडेवर. आज गळणार नाही, महिन्यानं गळेल, आणि तेव्हा तू मस्कतात असशील.

गाड्यांचं काही असलं तर आधी मला फोन करायचा हे गेल्या वर्षी क्लचच्या वेळीच ठरलं होतं ना?

उद्यमबागेतून

काकांचा अंशांचा मुद्दा मान्य. पण उद्यमबागेत चुकीचं मिळतं असं वाचून वाईट वाटलं. २२ वर्षं मी हेच काम करतोय. आमचे पाइप २१० बार दाबाला रोज चालतात, ब्रेकमध्ये जोरात पाय मारला तरी १०० बारच्या आसपास. पाइप आणि नट माझ्याकडून घे, ४५ चा फ्लेअरिंग सेट कुणाचा तरी आण. झाला की आमच्या टेस्ट बेंचवर लावून प्रेशर देऊन देतो. पैसे नकोत.

निपाणीहून

एवढा खटाटोप कशाला? फ्रिजवाल्याकडचा तांब्याचा पाइप घ्या. हातानं वाकतो, गंज नाही. आमच्या तंबाखूच्या टेम्पोला मी तोच टाकला होता, दोन वर्षं चालला.

मिशिगनहून

निपाणीच्या दादांना उत्तर. दादा, दोन वर्षांनी काय झालं तेही लिहा ना. साधं तांबं सतत थरथरलं की कडक होत जातं आणि फ्लेअरच्या मानेशी तडकतं. आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे पाइप बदलणं हे इथं दर जुन्या गाडीचं काम. मी आणि ह्यांनी मिळून आमच्या गाडीचे चारही गॅरेजमध्ये बदलले. वापरला तो तांबं-निकेलचा, ९० टक्के तांबं आणि १० टक्के निकेल. तोही हातानं वाकतो, पण तो ब्रेकसाठीच केलेला असतो. दिसायला दोन्ही सारखेच, म्हणून दुकानात नीट विचारून घ्या.

बाकी खानापुरात मीठ नाही, मग गंज कशानं? गाडी गोव्याला असायची का?

शहापूरहून, काका

गोवा कशाला हवा? खानापूरचा पाऊस पुरेसा आहे. चिखल क्लिपमध्ये जाऊन बसतो आणि वरून ऊन पडलं तरी आत महिनाभर ओल राहते. म्हणून पाइप मधोमध चांगला आणि क्लिपखाली कुजलेला. उजवीकडची क्लिपही काढून बघ.

आता टेस्ट बेंच. उद्यमबागेचा माणूस मनानं देतोय, पण बेंचला पाइप लावू नका. त्यात खनिज तेल असतं आणि ब्रेकचं रबर खनिज तेलात फुगतं. पाइपमध्ये राहिलेलं चमचाभर पुरे. आमच्या गल्लीत एका अँबॅसिडरच्या ब्रेक ऑइलच्या टाकीत चुकून इंजिनचं ऑइल गेलं होतं. दुसऱ्या दिवशी चारी चाकं धरली. पॅडलजवळच्या मास्टर सिलिंडरपासून सगळी रबरं काढून टाकली आम्ही, पाइप स्पिरिटनं धुतले. दोन रविवार गेले त्यात.

उद्यमबागेतून

बरोबर आहे काका, हे डोक्यात आलं नाही. बेंच राहू द्या. पाइपसुद्धा कोरा देतो, आतून तेल लावलेला नको.

टिळकवाडीहून (वर्गणीचा हिशोब बघणारी)

ही ईमेलची यादी गणपतीच्या कामासाठी आहे. १४ जणांची वर्गणी यायचीय आणि सकाळपासून एकालाही उत्तर द्यायला फुरसत नाही. पाइपचं फोनवर बोला, एवढी विनंती. खानापूरकर, तुमचीही यायचीय. आईंना मंगळवारी गाडी नसेल तर आमची पाठवते, दोनच्या आत सांगा.

निपाणीहून

मिशिगनच्या ताई, दोन वर्षांनी टेम्पो विकला, पुढचं मला माहीत नाही. पण तुमचं पटलं.

पाइपातली हवा काढताना लांबचं चाक आधी घ्या, म्हणजे मागचं डावं, मग मागचं उजवं. आमच्याकडे सगळे असंच करतात.

शहापूरहून, काका

गाडीच्या पुस्तकात जो क्रम असेल तोच घे. तिरक्या सर्किटच्या, म्हणजे पुढचं एक आणि विरुद्ध बाजूचं मागचं चाक एका लाइनवर असलेल्या, गाड्यांचा वेगळा असतो.

आणि पोरा, नट आधी पाइपवर ओवायचा, मग फ्लेअर. ३० वर्षांत दहादा तरी मी हे विसरलोय आणि तोंड कापून परत केलंय. पाइप कटरनं काप, हॅकसॉनं नाही, बुरा आत जातो. जुना नट गोल व्हायला लागला तर त्याच्याशी झगडू नको, पाइप नटाजवळ कापून टाक आणि वरून सहा कोनी सॉकेट घाल. गाडी जॅकवर ठेवून खाली जाऊ नको, घोडी, म्हणजे पक्का स्टँड, लाव. सेट संध्याकाळी घेऊन जा, घरी आहे मी.

खानापूरहून

मंडळी, सोमवार रात्र. झालं.

उद्यमबागेच्या दादांनी कोरा पाइप आणि नट दिले, काकांनी सेट. पहिलं फ्लेअर तिरकं गेलं, दुसरं नीट आलं. पाइप उघडा असताना टाकीच्या झाकणाखाली प्लास्टिकची पिशवी ताणून लावली, त्यामुळे ब्रेक ऑइल फार गेलं नाही. ऑइलचा डबा नवा, सीलबंद घेतला, उघडा राहिलेला पाणी ओढतो. बाबा पॅडलवर, मी चाकाशी हवा काढायच्या निपलला. आधी नुसते बुडबुडे, मग काळं ऑइल, मग स्वच्छ. पॅडल वरच धरतंय. दहा मिनिटं दाबून ठेवलं, जोडाखाली वर्तमानपत्र कोरडं. गल्लीत पाच-सहा वेळा करकचून थांबवली.

वहिनी, गाडी पाठवू नका, वर्गणी उद्या आणून देतो. काका, उजवीकडची क्लिप काढली. तिथंही खपली आलीय, अजून गळत नाही. तो पाइप बुधवारी बदलतो. सेट गुरुवारपर्यंत राहू दे.