सॉफ्टवेअर म्हणजे कारागिरी की इंजिनिअरिंग?

मेकॅनिकलवाला: माझं शिक्षण मेकॅनिकलचं, आता जावा या प्रोग्रामिंग भाषेत सॉफ्टवेअर लिहितो. कॉलेजात शाफ्टचं डिझाइन करताना फॅक्टर ऑफ सेफ्टी, म्हणजे लागेल त्यापेक्षा जास्तीची ताकद, धरल्याशिवाय सर पुढे जाऊच द्यायचे नाहीत. इथे टीमचा लीड म्हणतो लिहून लिहून हात बसतो, नियम फार नाहीत. मग याला इंजिनिअरिंग म्हणायचं का? मनापासून विचारतोय.

निळीशाई: लीड बरोबर बोलतोय. 1968 ला जर्मनीत गार्मिशला नाटोची परिषद झाली तेव्हापासून सॉफ्टवेअरला इंजिनिअरिंग करायचा प्रयत्न चाललाय, पण फंक्शन, म्हणजे कोडचा एक तुकडा, कुठे तोडायचं, किती गुंतागुंत चालेल हे अजून कुठल्या तक्त्यात मिळत नाही, ते सीनियरच्या शेजारी बसूनच कळतं. माझ्या मते कारागिरीच.

टेस्टिंगवाली: नाही पटलं. थेराक-25 बद्दल वाचा एकदा. कॅन्सरवर रेडिएशन द्यायचं मशीन, 1985 ते 87 मध्ये सहा पेशंटना भयंकर जास्त डोस गेला, काहींचा जीव गेला. आधीच्या थेराक-20 मध्ये हार्डवेअरचे इंटरलॉक, म्हणजे धोका दिसला की मशीन अडवणारी यंत्रणा, होते, तशीच चूक तिथल्या कोडमध्येही होती पण इंटरलॉकमुळे कोणाला इजा झाली नाही. नव्या मशीनमध्ये ते काढले आणि सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली. ऑपरेटरने स्क्रीनवरची एंट्री भराभर दुरुस्त केली की रेस कंडिशन व्हायची, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या दोन कामांचा मेळ चुकायचा, स्क्रीनवर नुसतं 'मालफंक्शन 54', त्याचा अर्थ कुणाला माहीत नाही. आणि तो कोड एकाच माणसाने असेंब्लीत, म्हणजे मशीनच्या अगदी जवळच्या भाषेत, लिहिलेला, बाहेरच्या कुणी नीट तपासलेला नाही. तो माणूस कितीही कसबी असू दे, चूक होणारच हे धरून दुसरी आडकाठी ठेवायची, ते इंजिनिअरिंग, आणि तेच तिथे नव्हतं. तुमचा फॅक्टर ऑफ सेफ्टी म्हणजे तरी काय, हेच ना.

निळीशाई: हे मान्य. पण प्रत्येक वेबसाइटला एवढं सगळं कोण करणार, लग्नाच्या हॉलचं बुकिंग आणि रेडिएशन एका मापाने कसं मोजायचं?

टेस्टिंगवाली: नकाच मोजू. चुकलं तर कोणाचं किती नुकसान होतं ते बघून तपासणी ठरवायची, पुलाला आणि कुंपणाला तरी सारखं डिझाइन कोण करतं.

मेकॅनिकलवाला: आमचं पेमेंटचं मॉड्यूल आहे. सुरुवात कुठून करू?

टेस्टिंगवाली: नेटवर्क तुटून तीच रिक्वेस्ट दोनदा आली तर पैसे दोनदा कापले जातात का, हे ज्याने तो कोड लिहिलेला नाही त्याच्याकडून तपासून घ्या. आणि डेटाबेसमध्ये ट्रान्झॅक्शन आयडीवर युनिक कन्स्ट्रेंट, म्हणजे एक आयडी एकदाच घ्यायचा हा नियम, लावा, म्हणजे कोड चुकला तरी त्याच आयडीची दुसरी एंट्री आतच जाणार नाही.