'संकलक' म्हणजे नक्की काय करणारा?

जावात लिहिलेली वेब ॲप्लिकेशन्स चालवणाऱ्या टॉमकॅट या सर्व्हरवर मराठीत टिपण लिहितो आहे. जेडीकेला (जावा प्रोग्राम तयार करायची साधनं) 'विकसन संच', जेआरईला (ते नुसते चालवायला लागणारा भाग) 'चालन संच' आणि कंपायलरला कोशातला 'संकलक' असे शब्द घेतले. "टॉमकॅटमध्ये स्वतःचा संकलक असल्याने विकसन संच लागत नाही," हे वाक्य वाचून एकाने विचारलं, "कशाचं संकलन?" मला उत्तर देता आलं नाही. दुसरा शब्द आहे का?

— प्रश्न रास्त आहे. संकलन म्हणजे विखुरलेलं एकत्र करणं. लोकगीतांचा संकलक असतो, चित्रपटाचाही असतो. कंपायलर मात्र माणसाने लिहिलेली जावा बाइटकोडमध्ये (जावा चालवणाऱ्या यंत्रणेला कळणाऱ्या रूपात) उतरवतो, म्हणजे भाषांतर करतो. तुमच्या टिपणात तर सगळा मुद्दा यावरच उभा आहे. जेएसपी पान (एचटीएमएलमध्ये जावा मिसळून लिहिलेलं वेबपान) पहिल्यांदा मागितलं की टॉमकॅटमधला जॅस्पर हा भाग त्याचं जावा सर्व्हलेट (सर्व्हरवर चालणारा जावा प्रोग्राम) बनवतो आणि ते लगेच कंपाइल होतं. सर्व्हर नुसता चालवायचा असला तरी भाषांतर करणारा हाताशी लागतोच. ५.० आवृत्तीपर्यंत तो जेडीकेमधून यायचा. ५.५ पासून एक्लिप्स या प्रकल्पाचा कंपायलर टॉमकॅटसोबतच येतो, म्हणून जेआरई पुरतं. 'संकलक' या शब्दातून यातलं काहीच कळत नाही. 'भाषांतरक' लिहा.

— मग प्रोग्राम वाचत वाचतच चालवणाऱ्या इंटरप्रिटरला काय म्हणणार?

— दुभाष्या! समोरचा बोलत असतानाच तो अर्थ सांगत जातो. भाषांतरक मात्र आधी सगळं लिहून ठेवतो. हा फरक मराठीत आधीपासूनच आहे.

— 'दुभाष्या' फार आवडला. पण 'कंपाइल करणे' आता मराठीच झालं आहे, ते काढू नये असं मला वाटतं. शब्द पहिल्यांदा येईल तिथे अर्थ सांगावा आणि पुढे जावं. मला याहून जास्त फसवं वाटतं ते जावा कुठे आहे हे सांगणाऱ्या सेटिंगचं 'जावा_होम' (JAVA_HOME) हे नाव. वाचणाऱ्याला वाटतं, जावा जिथे असेल ते तिचं घर. टॉमकॅट सुरू करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये मात्र ते जेडीकेच्या फोल्डरसाठी आहे. नुसती जेआरई असेल तर 'जेआरई_होम' (JRE_HOME) लिहायचं. दोन्ही दिली तर 'जेआरई_होम' धरलं जातं. डीबग (चुका शोधण्याच्या) पर्यायाने सुरू करायचं असेल तर मात्र जेडीकेच हवी. हे टिपणात जरूर घ्या, नवशिके तासन्‌तास इथे अडकतात.

— 'चालन संच'बद्दलही एक सांगतो. जावा ११ पासून, म्हणजे २०१८ पासून, जावा बनवणारी ओरॅकल कंपनी वेगळी जेआरई देत नाही. इतरांची काही वितरणं (जावाचे तयार संच) अजून देतात, किंवा जेडीकेमधलं जेलिंक हे साधन वापरून हवे तेवढेच भाग घेऊन आपली आपण बनवता येते. तेव्हा 'चालन संच' म्हणजे एक ठरलेलं पाकीट असं लिहू नका. 'जावा चालवण्यापुरता भाग' म्हटलं तर दोन्हीला लागू पडेल.

— सगळ्यांचे आभार. वाक्य आता असं केलं आहे: "जेएसपीचं भाषांतर करणारा कंपायलर टॉमकॅटसोबतच येतो, म्हणून जावा चालवण्यापुरता भाग असला तरी पुरे." त्याच वाचकाला पुन्हा दाखवतो.