‘आहेर आणू नये’ छापा, पण वही जाळू नका

माणदेशी:
परवा इथं एकानं लिहिलं, ‘आहेर म्हणजे वसुली. पत्रिकेत “आहेर आणू नये” छापा आणि घरातल्या आहेराच्या वह्या जाळून टाका.’ ते वाचलं आणि डोकं फिरलं. माझ्या आईचं लग्न 1973 चं, दुष्काळातलं. मामा सरकारी कामावर खडी फोडत होता. त्या मजुरीतनं त्यानं पितळी घागर घेतली, वर नाव-तारीख घालून आणली. आता तिच्या बुडाला चीर आहे, पाणी राहत नाही, तरी आई ती मोडीत घालू देत नाही. वडिलांच्या वहीत त्या लग्नातले दोन-दोन, पाच-पाच रुपये लिहिलेत. त्या माणसांकडं कार्य निघालं की वडील वही उघडून चढता आहेर करायचे. आजोबांना त्या साली कर्ज कोण देणार होतं? लग्न गावानं उभं केलं.

कोथरूडकर:
ते लिहिणारा मीच. तुमच्या घागरीला नमस्कार. पण आमच्या घरात वही निघाली की आईचा चेहरा उतरायचा. ‘त्यांनी 501 घातले होते, आपण 251 कसे घालायचे?’ बहिणीच्या लग्नात वरपक्षानं मानाच्या साड्यांची यादी पाठवली, 23 नावं. वडिलांनी पतपेढीतून कर्ज काढलं, आणि तरी एका आत्याबाईंनी काठ बारीक म्हणून साडी मांडवातच परत केली. तो दिवस मी विसरणार नाही.

माणदेशी:
तो मानपान झाला, आहेर नव्हे. दोन्ही एका टोपलीत घालू नका.

कोथरूडकर:
बाप कर्ज फेडतो तेव्हा त्याला हा फरक कळत नाही.

नाशिकची थोरली:
साडीचा विषय निघालाच आहे तर ऐका. नणंदेला तिचा रंग आठवून, येवल्यात जाऊन मोरपंखी साडी घेतली होती. चार वर्षांनी तीच साडी तिच्या जावेनं माझ्या ओटीत घातली. घडीही मोडलेली नव्हती. फिरवाफिरवी बंद करा, बाकी काय छापायचं ते छापा.

ठाण्याची मावशी:
फिरवली तर बिघडलं काय? माझ्या कपाटात न नेसलेल्या 40 साड्या आहेत. ब्लाउजपीस तर फिरण्यासाठीच असतो, माझ्या मापाला तो पुरतही नाही. तो शकुन असतो, कापड नसतं. दिलं की आपला हक्क संपला.

नाशिकची थोरली:
ब्लाउजपीसचं मी बोललेच नाही, मावशी. दुकानात मी दोन तास उभी होते ते शकुनासाठी नाही. तुम्हाला 40 साड्यांपैकी एक दिसते, मला माझी दिसते.

ठाण्याची मावशी:
मग द्यायचीच नाही, कपाटात ठेवायची! देऊन वर पाळत कसली ठेवता?

शिरोळची लेक:
तुम्ही साडीवरून भांडताय. माझे वडील गेले त्या संक्रांतीला आईला वाण यायचं बंद झालं. तीस वर्षं जिच्या हातची तिळवडी गल्लीनं खाल्ली, तिच्या दारावरून बायका शेजारी जात होत्या. प्लॅस्टिकची गाळणी असायची, दहा रुपयांची. आई रडली ती गाळणीसाठी नव्हे. 2022 मध्ये आमच्या तालुक्यातल्या हेरवाडनं विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, तेव्हा मी पहिल्यांदा आईला वाण दिलं. कुणी दिलंच नाही की काय होतं, तेही जरा बोला.

कोथरूडकर:
हे मी धरलं नव्हतं. पण ताई, वाण आणि 23 साड्या एक नव्हेत.

जिल्हा कोर्ट:
भावनेचं चालू द्या, कामाचं सांगतो. लग्नातल्या भेटींची यादी करा, असं हुंडाबंदी कायद्याखालचे 1985 चे नियमच सांगतात. वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव-नातं आणि वधूवरांच्या सह्या. मुलीला मिळालेलं सोनं-भांडी हे तिचं स्त्रीधन. सासरी वाद झाला की कुणी काय दिलं हे दाखवायला कागद नसतो, आणि मुलगी नेसत्या वस्त्रानिशी बाहेर पडते. वही जाळायला सांगणाऱ्यानं ही प्रकरणं पाहिलेली नाहीत.

कोथरूडकर:
ठीक. ‘जाळा’ हा शब्द मागे घेतो, तेवढाच. मुलीच्या पत्रिकेत ‘आहेर आणू नये’ छापणारच.

माणदेशी:
छापा. मी आलो तर रिकाम्या हातानं येणार नाही. घरची बाजरी आणीन, ती वहीत लिहू नका.

नाशिकची थोरली:
माझ्या साडीचं कुणी बोललं नाही.

ठाण्याची मावशी:
तुमचं सगळं पटलेलं नाही. पण गेल्या वर्षी मी भाचीच्या ओटीत जी साडी घातली, ती मला कुणी आणली होती, हे दुपारपासून आठवतेय. आठवत नाही.