'कव्हेनंटर'ला मराठीत काय म्हणावं?

स्कॉटलंडच्या इतिहासावरचं एक प्रकरण मराठीत करतोय, त्यात 'कव्हेनंटर' सारखा येतो, म्हणजे १६३८ साली पहिल्या चार्ल्स राजाच्या आडवे गेलेले धर्मगुरू आणि त्यांच्या मागची माणसं. मी सध्या 'बंडखोर पाद्री' लिहिलंय पण खटकतंय. सुचवा काहीतरी.

—

कव्हेनंट म्हणजे करार, आपल्या बायबलातला जुना करार-नवा करार तोच. 'करारवाले' लिहा की सरळ. बंडखोर नको, कारण एडिंबराच्या ग्रेफ्रायर्स चर्चमध्ये ज्या करारावर सह्या झाल्या त्यातच राजाचं रक्षण करू अशी शपथ आहे. भांडण होतं ते त्याने वरून लादलेल्या प्रार्थनापुस्तकाशी. आदल्या वर्षी, २३ जुलै १६३७ ला सेंट जाइल्समध्ये ते वाचायला घेतलं तर लोकांनी, त्यातही बायकांनी, आरडाओरडा करून बसायची स्टुलं भिरकावली. पहिलं स्टूल फेकणारी म्हणून जेनी गेडिसचं नाव घेतात पण ती दंतकथाच समजा.

—

'बंड नव्हतं' हे जरा जास्तच भोळं होतंय हं. १६३८ च्याच नोव्हेंबरात ग्लासगोला धर्मसभा भरली, राजाचा प्रतिनिधी हॅमिल्टन सभा बरखास्त म्हणून उठून गेला आणि हे आपले बसूनच राहिले, वर सगळ्या बिशपांना काढून टाकलं, मग १६३९ ला लढाईच जुंपली. आणि शपथेत राजा आहे खरा, पण 'खऱ्या धर्माचं रक्षण करताना' अशी मेख मारून ठेवलीय. मसुदा करणाऱ्या दोघांत हेंडरसन धर्मगुरू आणि जॉन्स्टन वकील, म्हणजे ती मेख कुणाची ते तुम्हीच ओळखा 😄

तरी शब्द मात्र करारवालेच बरा.

—

'पाद्री' आधी काढा. आमच्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये पाळक म्हणतात, फादर कॅथलिकांचे, आणि पाद्री हा बहुतेक बाहेरच्यांच्या तोंडचा शब्द. इथे तर सगळा तंटाच पाळकाच्या डोक्यावर राजाने नेमलेला बिशप हवा का यावरून आहे, तेव्हा हा फरक पुसून चालणार नाही.

—

वा, पाळक घेतो. मग 'कन्व्हेंटिकल'ला? डिक्शनरीत 'गुप्त धर्मसभा' आहे.

—

गुप्त कसली, हजारोंनी लोक जमायचे! दुसऱ्या चार्ल्सने बिशप परत आणले आणि १६६२ पासून अडीचशेच्या वर पाळकांची चर्चं गेली, मग ते माळावर, डोंगरातल्या घळीत उपासना घ्यायला लागले, उंचावर पहारा ठेवून. १६७० च्या कायद्याने अशा उघड्यावरच्या प्रवचनाला देहदंड लावला. मी 'रानसभा' म्हणेन. सरकारच्या तोंडी वाक्य असेल तिथे 'बेकायदा जमाव', आपल्याकडचं पोलिसी मराठी आहेच तयार.

—

रानसभा मस्त. जाता जाता, पुढे तुम्हाला 'व्हिग' भेटेल. तो मूळचा पश्चिम स्कॉटलंडच्या कट्टर करारवाल्यांना हिणवायला वापरलेला शब्द, लंडनच्या संसदेतल्या एका पक्षाला नंतर चिकटला. १६७९ च्या आधीच्या मजकुरात आला तर पक्ष समजू नका.

—

आलाय, पान दोनवरच. आणि मी पुढे 'पक्ष' टाकून मोकळा झालोय, बदलतो.