मदत हवी आहे: माळवदाच्या घरांचा भूकंपधोका, प्रत्येक घर ०.९ च्या वरच येतंय

नमस्कार मंडळी,

स्थापत्यच्या शेवटच्या वर्षाला आहे. औसा-निलंगा भागातल्या जुन्या दगडी घरांसाठी छोटी एक्स्पर्ट सिस्टीम (तज्ज्ञासारखे नियम लावून निष्कर्ष काढणारा प्रोग्राम) करतोय. घराची माहिती भरली की धोका किती ते तिने ० ते १ मध्ये सांगायचं. क्लिप्समध्ये (असे नियम लिहायचं सॉफ्टवेअर) चाळीसेक नियम लिहून झालेत.

इमारतींचा भूकंपधोका झटपट पाहणीतून ठरवायचा अमेरिकेतला फेमा-१५४ चा फॉर्म आधी वापरून पाहिला. पण त्यात लोखंड नसलेलं दगडविटांचं सगळं बांधकाम एकाच प्रकारात येतं, म्हणजे आमचं अख्खं गाव एका ओळीत! १९९३ ला किल्लारीत जी घरं बसली, ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींची आणि वर मातीचं जड माळवद असलेली. अशी भिंत म्हणजे खरं तर दोन पातळ भिंती आणि मधे भर. आरपार जाणारे दगड नसतील तर हादऱ्यात दोन्ही अंगं सुटी होतात. गावातले एक म्हातारे गवंडी म्हणाले, "जाडी काय बघतो, भिंतीला पोट आलंय का ते बघ." त्यांचं हे वाक्य जसंच्या तसं नियम क्रमांक ७ झालंय.

अडलंय ते इथे. प्रत्येक नियमाला एक खात्रीचा आकडा दिलाय, आणि हे आकडे मायसिन या जुन्या वैद्यकीय एक्स्पर्ट सिस्टीमच्या पद्धतीने जोडतो: नवा आकडा गुणिले १ पर्यंत उरलेला भाग, तो आधीच्या बेरजेत मिळवायचा. भिंतीतल्या मातीचा दर्जा ०.६, जड माळवद ०.५: ०.६ + ०.५ × ०.४ = ०.८. आरपार दगड नाहीत ०.४, की ०.८८. कोपऱ्यात भेग ०.५, की ०.९४. पण मातीत रचलेली भिंत, माळवद आणि आरपार दगडांचा अभाव हे तिन्ही एकाच काळच्या बांधकामात सोबतच येतात. हा पुरावा स्वतंत्र नाहीच, तरी मी तो तीनदा मोजतोय. मग डागडुजी केलेलं घर आणि पडायला आलेलं घर सारखंच दिसतं.

असे एकत्र येणारे नियम आधी एका गटात घेऊन त्यातला फक्त सर्वांत मोठा आकडा पुढे न्यावा का? की हे सोडून फझी लॉजिककडे (हो-नाही ऐवजी 'किती प्रमाणात' असं मोजणारी पद्धत) वळू? मार्गदर्शक "फझी कर" म्हणून मोकळे झाले, पण सदस्यत्व फलनं (एखादी गोष्ट किती प्रमाणात लागू ते ठरवणारे आलेख) कशावरून ठरवायची, ते नाही सांगितलं.

दुसरं, गिलाव्याखाली आरपार दगड आहेत की नाहीत हे दिसतच नाही. 'माहीत नाही' या उत्तराला शून्य धरलं तर गिलावा केलेलं घर आपोआप सुरक्षित ठरतं! तुम्ही पाहणीत हे कसं हाताळता? भिंत ठोकून अंदाज घेणारं कुणी आहे का इथे?

पुढच्या सोमवारी सादरीकरण आहे.