सत्याच्या बदल्यात माफी: दक्षिण आफ्रिकेचा सौदा योग्य होता का?

निरंजन: माझ्या मते होता. वर्णभेदी राजवटीतल्या गुन्ह्यांचं सत्य शोधायला १९९५च्या कायद्याने सत्य आणि समेट आयोग नेमला, पण सरसकट माफी दिलीच नव्हती. प्रत्येकाने स्वतःच्या नावाने अर्ज करायचा, गुन्हा १ मार्च १९६० ते १० मे १९९४ या काळातला हवा, हेतू राजकीय हवा आणि सगळं उघड सांगायचं. महत्त्वाचं काही दडवलं की अर्ज बाद. सुमारे ७,१०० अर्जांपैकी माफी मिळाली ८४९ जणांना. राजवटीने जाताजाता टनावारी कागदपत्रं नष्ट केली होती. मारेकरी बोलले नसते तर गुपचूप पुरलेले कितीतरी मृतदेह घरच्यांना मिळालेच नसते.

मृणाल: निरंजन, तुम्ही सौद्याची एकच बाजू मांडताय. माफी नाकारली गेली किंवा मागितलीच नाही, त्यांच्यावर खटले भरणं ही दुसरी बाजू. आयोगाने सुमारे ३०० प्रकरणं सरकारी वकिलांकडे दिली, त्यातली मोजकीच कोर्टात पोचली. वर्णभेदविरोधी नेते स्टीव्ह बिको १९७७ साली पोलिसांच्या ताब्यात असताना मारले गेले. त्या पोलिसांना १९९९ मध्ये माफी नाकारली, तरी २००३ मध्ये पुरावा अपुरा म्हणून खटला नाहीच! शिवाय माफी मिळताच लागू. भरपाई मात्र रखडली. आयोगाने सहा वर्षं दरवर्षी रक्कम द्या म्हटलं होतं, सरकारने २००३ मध्ये एकरकमी ३०,००० रँड जाहीर केले. पीडितांची ही उघड फसवणूक आहे.

निरंजन: मान्य, पण ती नंतरच्या सरकारांची कसूर. आयोगाच्या रचनेला दोष कशाला?

शार्दूल: रचनेतच दोष आहे. माणूस खरं बोलतो ते तुरुंगाची भीती असेल तरच. १९९६ मध्ये पोलीस अधिकारी यूजीन डी कॉक दोषी ठरला आणि पोलिसांचे अर्ज येऊ लागले. त्याच वर्षी माजी संरक्षणमंत्री मॅग्नस मलान निर्दोष सुटले. लष्कराला भीतीच उरली नाही; तिथून अर्ज नगण्य आले, म्हणून लष्कराच्या कारवायांबद्दल आजही फार थोडं ठाऊक आहे. कोलंबियाने फार्क या बंडखोर संघटनेशी २०१६ मध्ये केलेल्या शांतता करारात ही भीती शाबूत ठेवली आहे: वेळेत पूर्ण कबुली दिली तर ५ ते ८ वर्षं तुरुंगाबाहेर, पण निर्बंधांखाली, पीडितांसाठी काम. नाकारलं आणि सिद्ध झालं, तर २० वर्षांपर्यंत कैद.

मृणाल: आणि तिथेही फार्कच्या म्होरक्यांना पहिली शिक्षा झाली २०२५ मध्ये. तोवर किती पीडित वारले असतील? कबुली, पडताळणी आणि भरपाई, तिन्हींना मुदत कायद्यातच घाला. मग मीही या सौद्याच्या बाजूने बोलेन.