ब्रँडच्या आधी पट्ट्याकडे बघा

कॅनडातल्या भाऊंचा प्रश्न आहे, .300 विन मॅग (विंचेस्टर मॅग्नम) या रायफलच्या काडतुसासाठी केस, म्हणजे पुन्हा भरायची पितळी नळी, लापुआ कंपनीची घ्यावी की विंचेस्टरची. वस्तुमानात एकसारखेपणा हवा असेल तर लापुआ. पैसे जास्त जातात, पण निवडत बसावं लागत नाही. विंचेस्टर स्वस्त, मात्र वजन करून वेगळ्या काढाव्या लागतात. ब्रँड बदलला की आतली जागा बदलते, दाब बदलतो. जुनाच लोड, म्हणजे दारूचं जुनं माप, नव्या केसमध्ये तसाच भरू नका, कमीपासून सुरुवात करा.

पण या मॅग्नमची केस मरते ती पट्ट्याच्या, म्हणजे बुडाजवळच्या जाड कड्याच्या, जरा वर. तिथे चकचकीत रेघ दिसली, की वाकवलेली तार आत घालून भिंतीवरून ओढा. खाचेत अडकली तर केस भंगारात! रीसायझिंग करताना, म्हणजे उडवलेली केस दाबून पुन्हा मापात आणताना, खांदा (नळी तोंडाकडे अरुंद होते तो उतार) गरजेपुरताच मागे ढकला, मग महागडं पितळ खरंच टिकतं.

आमच्या वरणगावला दारूगोळ्याचा कारखाना आहे, त्यामुळे जळगावकडे केसेसचं ७०-३० पितळ अनेकांच्या ओळखीचं. सत्तर टक्के तांबं, तीस टक्के जस्त. या पितळाला अमोनिया सोसत नाही. ब्रिटिश काळात पावसाळ्यात तबेल्याजवळ ठेवलेली काडतुसं तडकायची, ती त्यामुळेच. म्हणून केसेस गोठ्यालगतच्या खोलीत नकोत, आणि अमोनियाचं पॉलिश तर मुळीच नको.